कांबळेसाहेबांची तपासणी

माझ्या मेसमध्ये झुरळ नाही, हे राजारामपुरीत सगळ्यांना माहीत आहे. ते कुणामुळं नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथंच माझं डोकं फिरतं.

परवा एक जुनी पोरगी आली. माझ्याकडं जेवून बारावी झाली, पुढं डॉक्टर झाली. आता धाकट्या बहिणीला मेस लावायला आणलं होतं. मला वाटलं, माझ्या पांढऱ्या रश्श्याची आठवण काढेल, निदान भाकरीची तरी. तर ती दारात उभी राहून बहिणीला सांगते, "हीच ती कांबळेसाहेबांची मेस. बिनधास्त जेव."

मी गल्ल्यावरनं उठले. म्हटलं, "मेस माझी हाय बाई. कांबळेसाहेब वरच्या मजल्यावर राहायचे."

ती हसली. मला हसू आलं नाही.

कोडोलीहून मी दोन लेकरं घेऊन आले तेव्हा माझ्याकडं एक स्टोव्ह होता आणि भांडायची सवय. त्या दोन्हीच्या जोरावर मेस उभी केली. शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांना विचारा, मी दुकानाची पायरी चढले की ते आधी पाणी पितात. ओटा मी घासला, गोण्या मी उचलल्या, गळके नळ प्लंबरच्या डोक्यावर बसून मी दुरुस्त करून घेतले. कांबळेसाहेबांनी काय केलं? लोखंडी घडीची खुर्ची टाकून बसले आणि बोट दाखवलं. नाव मात्र त्यांचं झालं.

दिनकर कांबळे मलेरिया खात्यातून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, खिशाला पेन आणि हातात कायम बॅटरी. भर दुपारीसुद्धा बॅटरी. माझं किचन आणि जेवणाचा हॉल तळमजल्यावर, त्यांचं घर बरोबर माझ्या डोक्यावर. मागच्या बाजूला सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात तो अरुंद डक्ट. भांडणाचं मूळ तो डक्ट.

त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, दमा. बाई एवढी गरीब स्वभावाची की खोकलासुद्धा पदरात धरायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं झुरळांचा फवारा मारला. वास डक्टमधनं सुमनताईंच्या खोलीत गेला आणि झुरळं डक्टमधनं माझ्या किचनमध्ये आली. ताई दवाखान्यात, मी चप्पल घेऊन ओट्यासमोर. ताई घरी आल्यावर कांबळेसाहेब प्रत्येक दारात गेले. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, खात्यात सूचना देतात तसं सांगितलं, "या इमारतीत इथून पुढं फवारा नाही, पावडर नाही, खडू नाही." मलासुद्धा तसंच सांगितलं.

मी म्हटलं, "मग झुरळं काय ओवाळायची?"

"झुरळं मी काढून देतो, वैनी. मी सांगतो तसं करा."

ज्या माणसानं हयातभर हाताखालच्या लोकांकडून गावंच्या गावं फवारून घेतली, तो मला फवारा बंद म्हणून सांगतो. मी हे त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून तर सांगतो. मी फवारलेल्या गावात डास परत आले. आमची माणसं मात्र अजून खोकतात." आणि बॅटरी माझ्या मोरीत मारली. त्या माणसाशी भांडायची हीच अडचण होती. आपण वाक्य तयार करेपर्यंत ते मोरीत वाकलेले असायचे.

त्यांचं सगळं शास्त्र पाण्यावर चालायचं. "झुरळ उपाशी राहतं, तहानलेलं राहत नाही. पाणी कुठं हाय ते सांगा, झुरळ कुठं हाय ते मी सांगतो." ओलं फडकं दिसलं की त्यांचा चेहरा एखाद्यानं शिवी दिल्यासारखा व्हायचा. दोरीवर पसरून वाळवलेलं फडकं त्यांना चालायचं, ओट्याच्या कडेला टाकलेलं नाही. आता मेसमध्ये फडकं कोरडं कसं राहणार? पण त्यांना ते सांगून उपयोग नसायचा. "दोन जादा ठेवा. आलटून पालटून वाळवा." विकत कोण घेणार, हे ते सांगत नसत.

पालीवरनं तर आमचं खरं वाजलं. मी केरसुणी घेऊन पालीच्या मागं लागलेली, तर हे दारात आडवे.

"तिला मारू नका. ती आपल्या खात्यातली हाय. झुरळाची पिल्लं खाते, पगार मागत न्हाय."

"आमटीत पडली म्हणजे? पोरींचे आई-बाप मला सोडतील व्हय?"

"आमटी उघडी का ठेवता?"

मी भाजीवाल्याशी करते तशी घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं, पाल मागच्या व्हरांड्यात कांद्याच्या गोण्यांपाशी राहील, चुलीच्या भिंतीवर दिसली तर मी हाकलीन, आणि दर पातेल्यावर झाकण राहील. पालीला हे कुणी सांगायचं, असं मी विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पिल्लं गोण्यांपाशी जास्त हाईत. ती तिथंच जाईल." आणि ती तिथंच गेली, याचाही मला राग आला.

आता माझं दुखणं सांगते.

त्या वर्षी राजारामपुरीत क्लासेसचं पीक आलं होतं. आमच्या मागच्याच गल्लीत एका पाटीलसरांचा मोठा क्लास होता. बाहेरगावच्या मुलींसाठी त्यांनी हॉस्टेल काढलं आणि सगळ्या मुलींची मेस एकाच ठिकाणी लावायची ठरवली. मला ते काम पाहिजे होतं. सुट्या गिऱ्हाइकांवर मेस चालते, पण वर येत नाही. वर्षाचं बांधलेलं जेवण मिळालं की माणूस व्यापाऱ्याशी ताठ मानेनं बोलतो. पाटीलसर रविवारी किचन बघायला येणार होते. एक झुरळ दिसलं असतं तर संपलं.

कांबळेसाहेबांचं शास्त्र तोवर मी निम्मंच पाळत होते. रविवार तोंडावर आला तशी मला धीर निघेना. शाहूपुरीतला एक फवारणीवाला गाठला, त्याच्याशी भांडून भाव पाडला आणि बोलावला. कांबळेसाहेबांनी त्याला फाटकातच धरलं. तो पंप पाठीवर घेऊन उभा, हे खुर्चीवर.

"काय हाय पंपात?"

"औषध हाय साहेब."

"औषध आजारी माणसाला देतात. हे काय हाय?"

फवारणीवाल्यानं पंप खाली ठेवला आणि माझ्याकडं वळला. "वैनी, साहेबांच्या हाताखाली मी रोजंदारीवर गेलतो. त्यांच्या दारात माझ्यानं पंप मारायचा न्हाय."

"पावणं, तुम्हाला बोलावलं कुणी? मी का त्यांनी?"

त्यानं पंप परत पाठीवर घेतला आणि फाटकाबाहेर पडला. मी साहेबांच्या अंगावर गेले. "रविवारी क्लासवाले येणार हाईत. माझं अख्खं वरीस त्यावर हाय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. आज फवारलंत तर भिंतीतली सगळी बाहेर निघतील. निम्मी रविवारी ओट्यावर पाय वर करून पडतील. पाटीलसरांना ते दाखवायचं हाय का?" मग जरा हळू म्हणाले, "आणि वर सुमन हाय."

दुसऱ्या वाक्यावर मी गप्प बसले असं नाही. पहिल्यावर बसले. हिशेब बरोबर होता.

मग त्यांनी माझं किचन उलटं केलं. हा शब्द मी मोजून वापरते. गोण्या, खोकी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, रद्दी, सगळं अंगणात. "पुठ्ठा म्हणजे झुरळाचं हॉस्टेल," म्हणाले. गॅसची शेगडी उचलली, तिच्या पाठीमागं जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. मोरीत उकळतं पाणी ओतलं, जाळीवर जाळी बसवली. पाइप भिंतीत शिरतात तिथल्या फटी व्हाइट सिमेंटनं बुजवल्या. मग बरण्या. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, आत गुळाचा खडा आणि पावाचा तुकडा, बाहेरून फडकं गुंडाळायचं म्हणजे झुरळाला चढायला पकड मिळते, आणि तोंडाशी आतून तूप चोळायचं. आत उतरलं की घसरतं, वर येता येत नाही. सकाळी साबणाच्या पाण्यात बुडवायची.

"तूप?" मी म्हटलं. "पोरींच्या भाताला मी चमच्यानं वाढते, आणि झुरळाला बरणीभर?"

"बोटभर."

"वनस्पती तूप लावा."

त्यांनी जरा विचार केला. "चालतंय."

त्या माणसाकडून मला मिळालेली ही एवढीच सूट.

रविवार उजाडला तेव्हा किचन असं होतं की मला स्वतःला ओळखू येईना. ओटा कोरडा, मोरी कोरडी, आदल्या दिवशीच्या बरणीत जेमतेम दोन. माझ्या बायकांना मी बजावून ठेवलं होतं, झुरळाचं नाव काढायचं नाही, आपल्याकडं झुरळ कधी नव्हतंच. पाटीलसर आले, बरोबर हॉस्टेलच्या रेक्टरबाई. बाईंनी शेल्फवर बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ आलं. मी तांबडा रस्सा वाढला. सरांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. मी मनात म्हटलं, झालं.

तेवढ्यात कांबळेसाहेब जिन्यावरनं खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला आणि हातात ताट. ताटात माझ्या लोणच्याच्या बरण्या. प्रत्येक बरणीला चिठ्ठी डकवलेली, 'ओट्याखाली', 'मोरीजवळ', 'गोण्यांमागे'. साबणाच्या पाण्यात बुडवायच्या म्हणून बजावून सांगणाऱ्या माणसानं त्या वर नेऊन जपून ठेवल्या होत्या.

"सर, हा नमुना. ही पहिल्या दिवसाची बरणी, भरलेली हाय. ही आजची. फरक बघा."

त्यांच्या खात्यात वरिष्ठ आले की विहिरीविहिरीतल्या डासांच्या अळ्या बाटलीत धरून मांडून ठेवायच्या असत. ज्याच्याकडं बाटली नाही त्यानं काम केलं नाही, असा तिथला रिवाज. त्यांना वाटलं, ते मला मदत करतायत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, माझ्याच मोठेपणासाठी उजळलेला. रेक्टरबाईंनी तोंडाला पदर लावला. पाटीलसरांनी वाटी खाली ठेवली आणि "कळवतो" म्हणून निघून गेले. कळवलं ते दुसऱ्या मेसला.

"काय केलंसा हे?" मी विचारलं.

"पुरावा दाखवला."

"कुणी मागितलावता पुरावा?"

"मागितल्यावर दाखवला तर त्याला काय किंमत?"

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले की भिंतीकडं बघायची. पण रागाच्या भरात मोरी ओली ठेवायची, एवढी मी वेडी नाही. नुकसान माझंच झालं असतं. म्हणून फडकी वाळत राहिली, बरण्या लागत राहिल्या, अंडी ट्रेशिवाय येत राहिली. अंडीवाल्याला मी स्टीलच्या बादलीत अंडी मोजून द्यायला लावली. तो म्हणाला, "वैनी, तुम्ही भाव पाडता ते पाडता, आता ट्रे पण काढून घेतलासा." वरून खिडकीतनं साहेब बघत होते. त्यांनी मान हलवली. शाबासकी दिल्यासारखी. मी खिडकीकडं बघितलं नाही.

पावसाळ्यात पाटीलसर छत्री झटकत दारात उभे राहिले. दुसऱ्या मेसमध्ये काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "तुमच्याकडं झुरळं बरणीत होती, आक्का. तिकडं आमटीत निघालं. पोरी जेवेनात." वर्षाचं काम त्यांनी मला दिलं. मी भाव वाढवून मागितला, तोही दिला. मग म्हणाले, "एक अट आहे. दर शुक्रवारी कांबळेसाहेबांनी किचन तपासायचं, आमच्या रेक्टरबाईंसमोर. ते ठीक म्हणाले तर मेस चालू."

मी म्हटलं, "स्वयंपाक मी करते सर. त्याची तपासणी कोण करणार?"

"स्वयंपाक चांगलाच आहे," ते म्हणाले. असं, जाता जाता.

तेव्हापासून माझ्या मानगुटीवर शुक्रवार बसला. ताटाखालचं मांजर होणं काय असतं ते मला त्या वारी कळायचं. रेक्टरबाई अंबाबाईचं दर्शन करून यायच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात खडीसाखरेची पुडी. साहेब वरून खुर्ची आणि कापडी पिशवी घेऊन उतरायचे. पिशवीत बॅटरी आणि एक दाढीचा आरसा, शेगडीखाली बघायला. चहा विचारला तर, "तपासणीला आलेल्या माणसानं चहा घेऊ नये." मग वर जायचे, आणि तासाभरानं डबा खाली पाठवून पैसे देऊन रस्सा न्यायचे आणि मीठ जास्त झालंय म्हणून निरोप पाठवायचे. मीठ जास्त झालेलं नसायचं. सुमनताई जिन्यात भेटल्या की हळूच म्हणायच्या, "छान झालाता हो. ह्यांचं काय ऐकू नका."

पोरी बदलल्या, रेक्टरबाई त्याच राहिल्या. बॅचमागून बॅच पोरी गावाकडं आईला फोन करून सांगायच्या, आमच्या मेसला एक साहेब आहेत. मेसला आक्का आहे, हे कुणी सांगायचं नाही.

मग सुमनताई गेल्या. दमा नव्हे, हृदय. त्या आठवड्यात शुक्रवार चुकेल असं मला वाटलं. चुकला नाही. साहेब उतरले, खुर्ची टाकली, बॅटरी मारली. मी म्हटलं, "साहेब, आज राहू द्या की." ते म्हणाले, "शुक्रवार हाय."

त्यानंतर डबा मीच पाठवू लागले. ते पैसे पाठवायचे. माझ्या बायकांना वर झाडलोट करायला पाठवते म्हटलं तर, "घर माझं मी बघतो." पण बघत नव्हते. बघता येत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय मोरीकडं न्यायचे. किचनमध्ये आता ते हातानं तपासायचे. फडकं चाचपून बघायचे, ओल लागते का. फटीवरनं बोट फिरवायचे. बॅटरी लावायचे, पण भलतीकडं. रेक्टरबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण अट होती, आणि अटीचा माणूस खुर्चीवर होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारच्या आत त्यांची मुलगी येऊन त्यांना मिरजेला घेऊन गेली, आणि तेव्हा मी शाहूपुरीत गुळाच्या भावावरनं भांडत होते.

त्या दिवशी साहेबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. आत हात घालून बॅटरी काढली. बॅटरीच्या मागोमाग पिशवीतनं एक झुरळ बाहेर आलं. चांगलं वाढलेलं, तपकिरी. ओट्यावर आमच्या दोघांच्या मधे उभं राहून मिशा हलवू लागलं. साहेबांचं तोंड बरोबर त्याच्याकडं होतं. त्यांना ते दिसलं नाही. रेक्टरबाई दारात चपला काढत होत्या.

मला एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, हे तुमच्या पिशवीतनं निघालं. एवढंच. साक्षीला रेक्टरबाई. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं माझी मेस चालली, त्यांच्या घरातनं झुरळ माझ्या ओट्यावर आलं, हे राजारामपुरीला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. मी बोलले नसते आणि बाईंना ते दिसलं असतं, तर माझं वर्षाचं काम गेलं असतं.

मी उजवा हात टाकला आणि मूठ मिटली.

झुरळ मुठीत फिरतं ते कसं लागतं, हे मी कुणाला सांगणार नाही. साहेब म्हणाले, "गोण्यांमागं चला." आम्ही गोण्यांमागं गेलो. त्यांनी भिंत चाचपली, जाळी चाचपली, दोरीवरची फडकी एकेक दाबून बघितली. रेक्टरबाईंनी पुडी सोडली. "आक्का, प्रसाद घ्या."

मी डावा हात पुढं केला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "शुक्रवारचा प्रसाद डाव्या हातानं?"

"उजवा खरकटा हाय."

त्यांनी नाराजीनं खडीसाखर डाव्या तळव्यावर टाकली. साहेब लगेच वळले. "खरकटा हात घेऊन हिंडतासा व्हय? एवढी वर्षं काय सांगितलं मी? त्याच्यावर झुरळ येतं. धुवा आधी."

"व्हय साहेब," मी म्हटलं.

उलट उत्तर आलं नाही म्हणून ते जरा थांबले. मी ठीक आहे ना, असं बघितल्यासारखं त्यांनी माझ्या बाजूला, थोडं चुकीच्या जागी, बघितलं. मग रेक्टरबाईंकडं तोंड करून खात्यातल्या आवाजात म्हणाले, "किचन स्वच्छ आहे. काही नाही."

पिशवी त्यांनी खांद्याला लावली, खुर्ची मिटून बगलेत घेतली आणि भिंतीला हात धरून जिना चढू लागले. प्रत्येक पायरीला आधी पाय चाचपून टेकवायचे, मग अंगाचा भार टाकायचे. रेक्टरबाई मला सांगत होत्या, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी मान हलवली. साहेब वळणावर दिसेनासे झाले, वर कडी वाजली, दार लागलं, तोवर माझी मूठ मिटलेलीच होती.